मनाई हुकूम आला कुठून

इंग्लंडच्या जुन्या कॉमन लॉ (निवाड्यांतून घडलेल्या कायद्याच्या) कोर्टांत दाद मागणाऱ्याच्या पदरात बहुधा दोनच गोष्टी पडत: गेलेली जमीन परत, नाहीतर नुकसानीचे पैसे. शेजारी उद्या बांधावरची झाडं तोडणार हे आज कळलं तरी सहसा झाडं पडेपर्यंत वाट पाहावी लागे, मग भरपाई मागायची. त्यातून कोर्टात शिरायला ठरावीक नमुन्याचं रिट, म्हणजे राजाच्या नावाचा लेखी हुकूम, लागे. तक्रार त्या नमुन्यात बसली नाही, तर ती खरी असूनही ऐकून घेतली जात नसे. असे अडलेले लोक राजाकडे अर्ज करीत आणि राजा ते अर्ज आपल्या चॅन्सेलरकडे, म्हणजे प्रमुख मंत्र्याकडे, सोपवी. चौदाव्या-पंधराव्या शतकांत याच अर्जांमधून चॅन्सरीचं कोर्ट उभं राहिलं.

त्या काळचा चॅन्सेलर बहुधा बिशप असे. कायद्याचं कलम काय म्हणतं यापेक्षा समोरच्या माणसाच्या सदसद्विवेकाला हे पटतं का, हा प्रश्न त्याच्या अंगवळणी पडलेला. तो प्रतिवादीला सपीना, म्हणजे हजर राहण्याचा हुकूम, काढून बोलावी, त्याच्याकडून शपथेवर जबाब घेई आणि हुकूम देई: हे कर, किंवा हे करू नकोस. न ऐकणाऱ्याची रवानगी तुरुंगात. चॅन्सरीच्या हुकमाने जमिनीची मालकी बदलत नसे की दुसऱ्या कोर्टाचा निकाल खोडला जात नसे. हुकूम चाले तो माणसावर. मनाई हुकमाचा पुढचा जवळजवळ सगळा इतिहास मला या एका खुबीत दिसतो.

या खुबीचा सर्वांत धारदार वापर झाला तो कॉमन लॉ कोर्टांविरुद्धच. एखाद्याने फसवून निकाल मिळवला असेल, तर चॅन्सेलर निकालाला हात लावत नसे. तो जिंकणाऱ्याला सांगे, या निकालाची अंमलबजावणी तू मागायची नाहीस. कॉमन लॉच्या न्यायाधीशांच्या दृष्टीने हा शुद्ध कावा होता, आणि त्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही.

ठिणगी पडली ती अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या प्रकरणात. केंब्रिजच्या मॅग्डलेन कॉलेजची लंडनमध्ये ऑल्डगेटजवळ एक बाग होती. कॉलेजांनी जमिनी कायमच्या देऊन टाकू नयेत असा कायदा १५७१ मध्ये झाला होता. त्यातून पळवाट म्हणून कॉलेजने जमीन आधी एलिझाबेथ राणीला दिली आणि राणीने ती बेनेडिक्ट स्पिनोला या जिनोव्हाच्या व्यापाऱ्याला दिली. पुढे ती ऑक्सफर्डच्या अर्लकडे गेली आणि तिच्यावर सुमारे १३० घरं उठली. जमिनीचा भाव चढल्यावर कॉलेजला तो कायदा आठवला! किंग्ज बेंच या कॉमन लॉ कोर्टाचा मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक याच्या कोर्टाने कॉलेजच्या भाडेकरूच्या बाजूने कौल दिला: कायदा राणीलाही लागू, म्हणून मूळ व्यवहारच बाद.

अर्लचा वारस चॅन्सरीत गेला. कॉलेजच्या बाजूने किंग्ज बेंचचा निकाल पुढे करण्यात आला आणि जबाब द्यायला नकार मिळाला. त्यावर कॉलेजचे मास्टर आणि भाडेकरू या दोघांनाही फ्लीट तुरुंगात धाडण्यात आलं. १६१५ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर एल्झमिअरने दिलेलं स्पष्टीकरण मोठं मार्मिक आहे. किंग्ज बेंचच्या निकालात चूक आहे असं तो म्हणतच नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की निकाल जिंकणाऱ्याचं वागणं सदसद्विवेकाला धरून नाही, म्हणून चॅन्सरी त्या माणसाला आवरणार. भांडण राजा पहिल्या जेम्ससमोर गेलं. त्याने ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बेकन आणि इतरांचं मत घेऊन १६१६ मध्ये चॅन्सरीच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोकची खुर्ची गेली. त्यामागे राजाशी झालेले इतर खटकेही होते.

चॅन्सरी जिंकली खरी, पण तिचा हुकूम चॅन्सेलरच्या लहरीवर चालतो हा टोमणा तिच्या मागे लागला. पुढच्या दोन शतकांत चॅन्सेलरांनी तो पुसायचा प्रयत्न केला आणि इक्विटीचे, म्हणजे चॅन्सरीत सदसद्विवेकावर उभ्या राहिलेल्या कायद्याचे, जवळपास कॉमन लॉइतकेच ठाशीव नियम बनवले. त्याच काळात मनाई हुकूम रोजच्या व्यवहारात उतरला. १७४१ मध्ये कवी अलेक्झांडर पोपची पत्रं छापणाऱ्या कर्ल नावाच्या प्रकाशकाला लॉर्ड चॅन्सेलर हार्डविकने रोखलं. पत्राचा कागद ज्याला ते पाठवलं त्याचा, पण छापण्याचा हक्क त्याचा नाही. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी घरी केलेल्या कोरीव चित्रांच्या प्रती बाहेर फुटल्या, तेव्हा प्रदर्शन आणि कॅटलॉग अडवण्यासाठी खुद्द अल्बर्टला याच कोर्टात यावं लागलं.

नकाराची ही भाषा किती ताणता येते ते १८०४ च्या लेन विरुद्ध न्यूडिगेट प्रकरणात दिसतं. वादीच्या गिरण्यांना प्रतिवादीच्या कालव्यांचं पाणी लागे आणि ती कामं नादुरुस्त पडली होती. 'दुरुस्त कर' असं थेट सांगायला लॉर्ड एल्डन कचरत होता. म्हणून त्याने हुकूम असा बेतला, की कालवे, बांध आणि दारं नादुरुस्त ठेवून वादीच्या वहिवाटीला अडथळा करू नये. दुरुस्ती न करणं मना, म्हणजे दुरुस्ती कर! इंग्रजी कोर्टांनी हा द्राविडी प्राणायाम जवळजवळ शंभर वर्षं चालवला आणि १८९९ मध्ये कुठे सरळ होकारार्थी हुकूम लिहायची पद्धत मान्य झाली.

१८५२ चं योहाना वाग्नर प्रकरण याहून प्रसिद्ध. ही जर्मन गायिका, संगीतकार रिचर्ड वाग्नरची पुतणी. लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये तीन महिने गाण्याचा आणि त्या काळात दुसरीकडे कुठेही न गाण्याचा करार तिने बेंजामिन लमलीशी केला होता. कॉव्हेंट गार्डनच्या फ्रेडरिक गायने जास्त पैसे देऊ केले आणि ती तिकडे वळली. लॉर्ड सेंट लेनर्ड्सने कबूल केलं की कोर्ट कुणाकडून जबरदस्तीने गाऊन घेऊ शकत नाही, पण दुसरीकडे गाऊ नकोस असं मात्र बजावू शकतं. ही गायिका पुढे थेट हिंदुस्थानच्या कायद्यात येऊन बसली. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ५७ खाली, बारा महिने एकाच थिएटरात गाण्याच्या कराराचं उदाहरण आहे. ते तत्त्व १९६३ च्या कायद्यात कलम ४२ म्हणून आजही आहे.

दोन वेगळ्या कोर्टांचा जाच पक्षकारांना मात्र भोगावा लागे. मनाई हवी तर चॅन्सरी, पैसे हवेत तर दुसरीकडे, आणि चॅन्सरीतला दावा पिढ्यान् पिढ्या रेंगाळे. १८५८ च्या लॉर्ड केर्न्सच्या कायद्याने चॅन्सरीला मनाईऐवजी भरपाई देण्याची मुभा दिली. १८७३ ते ७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी सगळी वरिष्ठ कोर्टं एकत्र केली आणि एका कोर्टातला दावा दुसऱ्यातून रोखणारी ती जुनी मनाई संपली. 'न्याय्य किंवा सोयीचं' वाटेल तिथे मनाई द्यावी, अशी मोघम शब्दरचनाही तेव्हाच आली.

मग मनाई द्यायची की पैशांवर भागवायचं? १८९५ च्या शेल्फर प्रकरणात वीज कंपनीच्या यंत्रांनी शेजारची पबची इमारत हादरत होती. पैसे मोजायची तयारी आहे म्हणून कुणाला चुकीचं वागण्याचा परवाना मिळत नाही, असं म्हणत कोर्टाने मनाई दिली. १९७७ मध्ये डरहॅमजवळच्या लिंट्झ गावात गाडं उलटं फिरलं. क्रिकेटच्या जुन्या मैदानाला लागून नवी घरं झाली आणि षटकार अंगणात पडू लागले. न्यायाधीश लॉर्ड डेनिंगने गावच्या क्रिकेटची बाजू जीव ओतून मांडली. बहुमताला उपद्रव मान्य होता, तरी मनाई मिळाली नाही, ४०० पौंडांवर भागलं. निकाल गोड आहे, पण कायदा म्हणून शेल्फरच मला जास्त पटतं.

दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचं आजचं मोजमाप १९७५ च्या अमेरिकन सायनामिड प्रकरणातलं. लॉर्ड डिप्लॉक म्हणाले, आधीच केसची ताकद तोलत बसू नका. तपासण्याजोगा गंभीर प्रश्न आहे का आणि गैरसोय कुणाची जास्त, एवढं पाहा. आपल्याकडे दिवाणी कोर्टात निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर युक्तिवाद होतो तेव्हा वकील अजूनही प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान हीच त्रयी घेऊन उभे राहतात.

त्याच १९७५ मध्ये डेनिंगच्या कोर्टाने मारेव्हा या जहाजाच्या प्रकरणात प्रतिवादीला लंडनच्या बँकेतले पैसे निकालाआधी बाहेर नेण्यापासून रोखलं. १८९० पासून असं करता येत नाही हाच नियम होता. पैशावर टाच येत नाही, माणसालाच बजावलं जातं, ही जुनी चॅन्सरीची युक्ती इथे पुन्हा कामी आली.

अलीकडचा प्रश्न याच्या नेमका उलटा आहे. इंग्लंडमधल्या नगरपालिका मोकळ्या जागांवर भटक्या समाजांचे तळ पडू नयेत म्हणून 'अज्ञात व्यक्तीं'विरुद्ध मनाई घेऊ लागल्या. म्हणजे हुकूम अशा लोकांवर, जे अजून तिथे आलेलेच नाहीत आणि ज्यांची नावं कोर्टालाही ठाऊक नाहीत. सदसद्विवेक तपासायचा तर कुणाचा? नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने वुल्व्हरहॅम्प्टन प्रकरणात चॅन्सरीपासूनचा इतिहास चाळून असे हुकूम देता येतात असं ठरवलं. मात्र गरज तातडीची असल्याचं पुराव्याने दाखवायला हवं, मुदत आणि हद्द आखलेली हवी, हुकमाची जाहीर माहिती द्यायला हवी आणि झळ पोचलेल्या कुणालाही तो बदलून किंवा रद्द करून मागता यायला हवा.