टँकरच्या पाठीवरचा ‘इन’

खंबाटकी घाटात पेट्रोलच्या टँकरमागे अडकलं की वाचायला भरपूर वेळ मिळतो. लाल तिरक्या चौकोनात ज्योतीचं चित्र, जवळच १२०३ हा आकडा आणि ठळक अक्षरांत ‘हायली इन्फ्लॅमेबल’. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण, ‘इनव्हिजिबल’ म्हणजे अदृश्य, असं शाळेत नुकतंच शिकलेलं पोर मागच्या सीटवरून विचारतं, “म्हणजे हे पेटत नाही ना?” हसू येतं खरं, पण पोराचा तर्क बिनचूक असतो. घोळ शब्दातच आहे.

लॅटिनमध्ये ‘इन’ दोन. एक नकाराचा, आपल्या संस्कृत ‘अ’, ‘अन्’चं सख्खं भावंड. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य, तो हाच. दुसरा ‘आत’, ‘मध्ये’ या अर्थाचा. ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा आणि ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणं. त्यावरूनच इंग्रजीत ‘इन्फ्लेम’ हे क्रियापद आलं आणि ‘इन्फ्लॅमेबल’, म्हणजे पेट घेणारं, हे विशेषणही. म्हणजे शब्द ‘इन’पाशी तोडायचाच नाही. डॉक्टर सांगतात ते ‘इन्फ्लमेशन’ याच घरातलं. गंमत अशी की त्याला मराठीत आपणही ‘दाह’च म्हणतो, आणि ‘इन्फ्लॅमेटरी’ भाषणाला ‘भडकाऊ’. आग दोन्हीकडे आहे.

इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपला ‘वि’ बघावा. विफल, विसंगत यांत तो नकार देतो. विज्ञान, विशुद्ध यांत उलट जोर देतो. विज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव असं कोणी समजत नाही, कारण शब्द कानावरून गेलेला असतो. परक्या भाषेत ती सोय नसते. पण इथे तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी, तेही फसण्याची भीती होती.

‘फ्लॅमेबल’ हा आखूड शब्द इंग्रजीत १८१३ सालापासून सापडतो, पण पुढची शंभर वर्षं तो जवळजवळ पडूनच होता. त्याला बाहेर काढलं ते आगीशी रोज गाठ पडणाऱ्यांनी, व्याकरणवाल्यांनी नव्हे. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लॅमेबल’चा आग्रह धरला. डब्यावरची सूचना वाचून माणसाने उलटा अर्थ घेतला, तर व्युत्पत्ती बरोबर असून उपयोग काय?

बेंजामिन ली व्होर्फ हा भाषाअभ्यासक पोटासाठी आगीच्या विमा कंपनीत काम करायचा. शब्दामुळे आगीशी कसा घात होतो, याचं त्याने टिपून ठेवलेलं उदाहरण साध्या ‘एम्प्टी’ शब्दाचं आहे. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र बिनधास्त सिगारेट ओढत. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली असते आणि धोका तिथे जास्त.

‘फ्लॅमेबल’ हा नवा शब्द पुढे कायद्यातही शिरला. १९४०च्या दशकात अमेरिकेत झटकन पेट घेणाऱ्या रेयॉनच्या स्वेटरांनी आणि मुलांच्या काउबॉय पोशाखांनी बळी घेतले. त्यातून १९५३चा ‘फ्लॅमेबल फॅब्रिक्स ॲक्ट’ आला. ब्रिटिश मानक संस्थेने १९५९ साली ‘फ्लॅमेबल’चीच शिफारस केली. आपल्याकडे मात्र त्या अमेरिकन कायद्याच्या एकच वर्ष आधी, १९५२ साली, ‘इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस ॲक्ट’ झाला होता. जुना शब्द कायद्याच्या नावातच बसला. त्याचा कारभार पाहणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेचं, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

टँकरवरचा १२०३ हा पेट्रोलचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. तो आणि ते ज्योतीचं चित्र यांना कुठलाच ‘इन’ लागत नाही. अक्षरांपुरतं पाहायचं तर ‘फ्लॅमेबल’ आणि ‘इन्फ्लॅमेबल’ दोन्ही पेटतात. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लॅमेबल’ म्हणतात. काही टँकरांवर शेजारी ‘ज्वालाग्राही’ही लिहिलेलं असतं. मागच्या सीटवरच्या पोराला तेवढं वाचायला सांगावं.