बाझेल कागदगिरणी

बाझेल कागदगिरणी : स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरातले कागद, लेखन व मुद्रण या विषयांचे प्रात्यक्षिक संग्रहालय. ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावरील सेंट आल्बान भागात, गालित्सियान आणि श्टेगराइफ या दोन जुन्या गिरण्यांच्या वास्तूंत ते १९८० मध्ये सुरू झाले. येथे पाणचक्की प्रत्यक्ष फिरते, तिच्या जोरावर चिंध्या कुटणारी मुसळे उठतात-पडतात, शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) ओतले जातात, आणि येणाऱ्या माणसाला हौदातून स्वतः ताव उचलता येतो. हातकागद आणि खिळेछपाई यांच्या इतिहासातील बरेचसे वाद अखेर कारागिराच्या हाताच्या हालचालींपाशी येऊन थांबतात. त्यामुळे या व्यवसायांचा अभ्यास करणाऱ्याला इथली भेट ग्रंथवाचनाइतकीच उपयोगाची ठरते.

सेंट आल्बान हा क्लुनी या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ बाझेलच्या बिशपने १०८३ मध्ये स्थापन केला. मठाने बिर्स नदीचे पाणी कालव्याने आपल्या जमिनीत आणले. हे काम सामान्यतः बाराव्या शतकातले मानतात. या कालव्यावर प्रथम धान्य दळण्याच्या गिरण्या होत्या. बाझेलमधील कागदनिर्मितीचा आरंभ १४३३ मध्ये हाइन्रिख हाल्बिझेन या व्यापाऱ्याने केला. त्याची पहिली गिरणी मात्र सेंट आल्बानला नव्हती, ती ऱ्हाईनपलीकडच्या छोट्या बाझेलमध्ये होती. पुढच्या दीडएक दशकात हा धंदा सेंट आल्बानच्या कालव्याकडे सरकला. १४३१ ते १४४८ या काळात बाझेलमध्ये चर्चची महापरिषद भरलेली होती. तिच्या लेखनिकांना लागणाऱ्या कागदापोटीच गिरणी निघाली, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. सालांचा मेळ चांगला बसतो आणि मागणी वाढली असणार यात शंका नाही. तथापि हाल्बिझेन हा दूरदूरच्या बाजारपेठांशी व्यवहार करणारा होता. कधी उठेल हे कोणालाच ठाऊक नसलेल्या परिषदेवर त्याने सगळे भांडवल लावले असेल, असे मानणे अवघड आहे. परिषदेला निमित्त म्हणावे आणि व्यापाराला कारण, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

आजचे संग्रहालय ज्या गिरणीत आहे तिचा कागदाशी संबंध १४५३ पासूनचा. पिडमाँटहून आलेल्या आंतोनिओ गालित्सियानी याने ती घेतली आणि दळणाऐवजी कागदासाठी वापरात आणली. गिरणीला आजही त्याच्याच घराण्याचे नाव आहे. आल्प्सच्या उत्तरेला कागदाची विद्या इटालियन कारागिरांबरोबरच आली. न्यूरेंबर्गच्या उलमान श्ट्रोमरने १३९० मध्ये जर्मन मुलखातली पहिली ज्ञात कागदगिरणी काढली, तीही इटालियन कामगारांच्या बळावर. ही विद्या दुसऱ्या कोणाला शिकवणार नाही, अशा शपथा त्याने त्यांच्याकडून घेतल्याचे त्याच्याच टिपणांवरून कळते.

कागदाच्या कामाला पाण्याचा जोर प्रथम कोठे जोडला गेला, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. समरकंद व बगदाद येथे पाण्यावर चालणाऱ्या कागदगिरण्या होत्या, असे जुन्या संदर्भग्रंथांत बहुधा निःशंकपणे लिहिलेले असते. अलीकडच्या काही अभ्यासकांनी त्यावर हरकत घेतली आहे. मूळ उल्लेखांत कागद तयार करण्याची जागा येते, पण ती पाण्यावर चालत होती की माणसांच्या वा जनावरांच्या बळावर, हे त्यांतून निश्चित होत नाही, असे त्यांचे म्हणणे. स्पेन आणि इटली येथील तेराव्या शतकातील पुरावा यापेक्षा भक्कम आहे. इटलीतील फाब्रिआनोच्या कारागिरांचे श्रेय मात्र वेगळे काढावे लागते. पाण्यावरच्या मुसळांचा पद्धतशीर वापर, पिठाच्या खळीऐवजी प्राणिज सरसाची खळ आणि जलचिन्ह (ताव उजेडात धरल्यावर दिसणारी आकृती) या तीन गोष्टी त्यांच्या नावाशी निगडित आहेत. सर्वांत जुने ज्ञात जलचिन्ह १२८२ चे असल्याचे सामान्यतः सांगतात. बाझेलला जे तंत्र आले ते याच परंपरेतले.

कागद : कच्चा माल म्हणजे जवसाच्या (फ्लॅक्स) व अंबाडीसारख्या हेंप झाडाच्या धाग्यांपासून विणलेल्या कापडाच्या चिंध्या. त्या निवडून, तुकडे करून, ओल्या ढिगात कुजवत ठेवीत आणि मग मुसळांखाली कुटीत. पहिल्या मुसळांच्या तोंडाला अणकुचीदार खिळे, पुढच्यांना बोथट खिळे आणि शेवटच्यांना नुसते लाकूड असा क्रम असे. आधी चिंधीचा विणाव मोडायचा, मग धागा सोडवायचा आणि शेवटी तंतू न तोडता नुसता ठेचायचा, हे त्यामागचे कारण. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमध्ये निघालेल्या पात्यांच्या यंत्राने हेच काम पुष्कळ लवकर होऊ लागले. पण पाती तंतू कापतात. हातकागदाचे जाणकार मुसळांनी कुटलेल्या लगद्याला अजून अधिक मान देतात, तो याचमुळे.

हौदातल्या मिश्रणात पाणीच फार असते, तंतू अगदी थोडे. ताव उचलणारा तारांची चाळणी आणि तिच्यावर बसणारी सुटी चौकट दोन्ही हातांत धरून हौदात बुडवतो, आडवी वर काढतो आणि पाणी निथळत असतानाच एकदा पुढे-मागे, एकदा आडवी हलवतो. त्या दोन हिसक्यांत तंतू एकमेकांत अडकतात. हिसका उशिरा दिला तर लगदा आधीच बसलेला असतो आणि तावात ढगाळ डाग राहतात. नवख्याच्या हाताला हेच सहसा जमत नाही. बोटावरून ओघळलेला पाण्याचा एक थेंब ओल्या तावावर पडला तरी तेथे गोल पातळ ठिपका उरतो. ताव उजेडात धरला की तो दिसतो, आणि पंधराव्या शतकातल्या कागदांतही असे ठिपके सापडतात. दुसरा कारागीर ताव चाळणीवरून लोकरीच्या नमद्यावर उतरवतो. ताव आणि नमदे यांची चळत दाबाखाली जाते. जर्मनभाषक गिरण्यांत अशी एक चळत १८१ तावांची धरीत. तिसरा कारागीर दाबलेले ताव नमद्यांपासून सोडवतो. मग ते दोरीवर वाळवायचे, सरसाच्या खळीतून काढायचे आणि पुन्हा वाळवायचे. ही सर्व कामे पाहुण्यासमोर एका दमात होऊ शकत नाहीत, म्हणून त्याच्या हाती पडणारा ताव बव्हंशी पहिल्या दोन पायऱ्यांपुरता त्याचा असतो.

इथे एक बारकावा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हौदावर चाळण्या नेहमी दोन असत आणि चौकट एकच. एका चाळणीवरचा ताव नमद्यावर उतरत असताना तीच चौकट दुसऱ्या चाळणीवर चढवून पुढचा ताव उचलला जाई. दोन्ही चाळण्यांवर तारेची एकच आकृती शिवलेली असे, पण हाताने वळवलेल्या दोन तारा तंतोतंत सारख्या होत नाहीत. त्यामुळे एका हौदाच्या कागदात जलचिन्हांची जोडी मिळते, एकसारखी दिसणारी तरी वेगळी ओळखू येणारी. शिवाय वापरात तार सरकते, वाकते, तिचे टाके तुटतात आणि पुन्हा घातले जातात. एकाच चिन्हाच्या अशा अवस्था क्रमाने लावता येतात. जिनीव्हाच्या शार्ल-मोईझ ब्रीके यांनी १९०७ मध्ये सोळा हजारांहून अधिक जलचिन्हांचे रेखाटनसंग्रह प्रसिद्ध करून या अभ्यासाचा पाया घातला. जोडचिन्हे आणि अवस्था यांचे महत्त्व अमेरिकन अभ्यासक ॲलन स्टीव्हन्सन यांनी पुढे नेले.

या पद्धतीची कसोटी बाझेलशीच संबंधित एका पुस्तकावर लागली. ‘कॉन्स्टन्स मिसल’ या नावाने ओळखले जाणारे प्रार्थनापुस्तक गुटेनबेर्गच्या ४२-ओळी बायबलच्याही आधीचे, म्हणजे युरोपातील पहिले छापील पुस्तक असावे, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले गेले. त्याचा आधार खिळ्यांच्या घडणीचा होता. १४५७ च्या माइन्त्स स्तोत्रसंग्रहातील लहान अक्षरे आणि या पुस्तकाची अक्षरे एकाच कुळातली आहेत, आणि मिसलमधील रूप अधिक कच्चे, म्हणून आधीचे, असा तो युक्तिवाद. दीर्घकाळ वाद चालला. स्टीव्हन्सन यांनी पुस्तकाच्या कागदातील जलचिन्हांच्या जोड्या तारीख ठाऊक असलेल्या कागदांतील चिन्हांशी अवस्थेसह ताडून पाहिल्या आणि छपाई १४७३ च्या सुमारास बाझेलमध्ये झाल्याचा निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. आज तो सर्वसाधारणपणे स्वीकारलेला आहे. अक्षराच्या कच्चेपणावरून काळ ठरवणे किती फसवे असते, हे यातून दिसले. हौदाशेजारी उभे राहून चाळण्यांची अदलाबदल एकदा पाहिली की स्टीव्हन्सन यांच्या युक्तिवादाचा निम्मा भाग न सांगता उमगतो.

खिळे : येथे हातसाच्यात खिळा ओतून दाखवतात. पोलादी ठशाने तांब्याच्या तुकड्यावर अक्षर उमटवायचे, तो तुकडा मातृका म्हणून साच्याच्या तळाशी बसवायचा आणि शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला मिश्रधातू पळीने ओतायचा. ओतताच साच्याला वर झटका दिला जातो, म्हणजे धातू अक्षराच्या कोपऱ्यांत पोहोचतो. साचा रुंदीला कमी-जास्त करता येतो, पण उंची ठाम राहते. सर्व खिळे एका पातळीत येण्याचे रहस्य तेच. हीच गुटेनबेर्गची पद्धत, असे पूर्वापार समजले जाते. २००१ च्या सुमारास पॉल नीडॅम आणि ब्लेझ आग्वेरा-इ-आर्कास यांनी गुटेनबेर्गच्या काळातील एका लहान छापील पुस्तिकेतील अक्षरांच्या प्रतिमा संगणकाने मोजल्या. एकाच अक्षराच्या छापांत त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त फरक आढळला. कायमस्वरूपी धातूच्या मातृकेतून इतके वैविध्य निघणार नाही, वाळूसारख्या एकदाच वापरायच्या साच्यातून ते निघू शकते, असे त्यांनी सुचवले. विरोधकांनी शाईचा पसर, ओल्या कागदाचे आकुंचन, खिळ्यांची झीज, कानशीने केलेली दुरुस्ती आणि एकाहून अधिक मातृकांचा वापर ही कारणे पुढे केली. मोजमापे गंभीरपणे घ्यावी लागतात. पण त्यांवरून वाळूचा साचा सिद्ध होतो असे म्हणता येत नाही. हातसाच्याची जी पद्धत येथे दाखवली जाते, ती निदान नंतरच्या शतकांसाठी निर्विवाद आहे.

छापयंत्राबाबतही अशीच सावधगिरी हवी. पंधराव्या शतकातील एकही छापयंत्र आज अस्तित्वात नाही. त्याचे सर्वांत जुने ज्ञात चित्र १४९९ चे, लियाँ येथे छापलेले. अँटवर्पच्या प्लँटिन-मोरेटस संग्रहालयातली सर्वांत जुनी यंत्रे सु. १६०० ची. जुन्या धर्तीची म्हणून जगभर दाखवली जाणारी लाकडी यंत्रे पुष्कळ अंशी या नंतरच्या पुराव्यावर बेतलेली पुनर्रचना असतात. छापण्यापूर्वी कागद ओलसर करणे आणि जवसाच्या तेलाची घट्ट शाई चामड्याच्या गोळ्यांनी जुळवलेल्या खिळ्यांच्या फर्म्यावर थापणे या रीती मात्र चांगल्या नोंदलेल्या आहेत.

बाझेलमधील पहिला मुद्रक बेर्टोल्ट रुपेल. गुटेनबेर्गविरुद्धच्या दाव्याच्या १४५५ च्या दस्तऐवजात त्याच्या कामगारांपैकी हानाऊचा जो बेर्टोल्ट येतो, तो हाच असावा. त्याच्या पहिल्या पुस्तकांवर साल नाही. पोप ग्रेगरीच्या एका भाष्यग्रंथाच्या प्रतीत १४६८ मध्ये ती विकत घेतल्याची नोंद आहे. यावरून छपाई त्या वर्षी किंवा थोडी आधी सुरू झाली, असे मानतात. पुढे गिरण्यांचा कागद, १४६० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आणि ऱ्हाईनचा जलमार्ग यांच्या जोरावर बाझेल मोठे मुद्रणकेंद्र झाले. इरॅस्मसने संपादलेला ग्रीक नवा करार १५१६ मध्ये योहान फ्रोबेनने, तर व्हेसेलिअसचा शरीररचनेवरील ग्रंथ १५४३ मध्ये ओपोरिनसने येथेच छापला. विल्हेल्म हासने १७७२ मध्ये लोखंडी भाग वापरून सुधारलेले छापयंत्र बांधले. त्याच्याच नावाच्या ओतशाळेतून, ती बाझेलबाहेर म्युन्शेनश्टाइनला गेल्यावर, १९५७ मध्ये हेल्व्हेटिका हा टाइप निघाला.

फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेरने १७९९ मध्ये सलग कागदाच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हातगिरण्यांचे दिवस भरत आले. सेंट आल्बानच्या गिरण्या एकेक करून अन्य धंद्यांकडे वळल्या; गालित्सियान गिरणीत तंबाखूचा व्यवसाय चालला. वाल्टर फ्रीडरिख त्शुडिन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास बाझेलच्या गिरण्या व त्यांची जलचिन्हे यांचा कसून अभ्यास केला आणि साधनसामग्री गोळा केली. संग्रहालयाचा गाभा हाच संग्रह. २०११ मध्ये वास्तूचे नूतनीकरण झाले.

मजल्यांची मांडणी कामाच्या ओघाने आहे. पाणी, लगदा व हौद तळाला. लेखन, खिळे, छपाई आणि बांधणी वरच्या मजल्यांवर. बोरूने लिहिणे, नाव खिळ्यांत जुळवून छापणे, आणि तरंगत्या रंगांवर कागद टेकवून रंगीत नक्षीचा कागद काढणे ही कामे पाहुण्यांना करता येतात. पुस्तकबांधणीत जुजबंदीची शिलाई पाहण्यासारखी. मोठ्यांनी शक्यतो हौदापासून सुरुवात करावी आणि आपला ताव सुकण्याची वाट पाहत वर जावे. परतताना तो उजेडात धरून पाहिल्यास चाळणीच्या तारांच्या रेघा आणि हात कोठे कचरला ती जागा, दोन्ही स्पष्ट दिसतात.