एरंडेल, अल्ब्युमिन आणि फुफ्फुसाचा कॅन्सर

मिरजेतल्या केमोच्या वॉर्डात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे दोन पेशंट शेजारीशेजारी आहेत असं धरा. औषध दोघांचं एकच, पॅक्लिटॅक्सेल. एकाला आधी स्टेरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन, मग तीन तास सलाईन. दुसऱ्याच्या बाटलीत दुधाळ पाणी, अर्ध्या तासात मोकळा. विट्याहून पहाटेची एसटी धरून आलेल्याला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. फरक औषधाचा नाही, त्याच्या वाहनाचा, म्हणजे औषध ज्यात मिसळून रक्तात सोडतात त्या पदार्थाचा आहे.

पॅक्लिटॅक्सेल मूळचं पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं. १९७१ मध्ये त्याची रचना मांडणाऱ्यांपैकी मनसुख वाणी हे जन्माने नंदुरबारचे. (आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) औषध पाण्यात काही विरघळेना, तेव्हा एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोरमध्ये ते विरघळवलं. १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अंगावर उठणाऱ्या ॲलर्जीत या क्रेमोफोरचा मोठा वाटा. शिवाय ते साध्या पीव्हीसी नळीतलं रसायन ओढून घेतं, म्हणून नळीसुद्धा वेगळी.

दुसऱ्या वाहनाचा शोध त्याआधीच चालू होता. १९६५ च्या सुमारास इंग्लंडात ॲलेक बँगहॅम यांनी लिपोसोम, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म बुडबुडे, दाखवले. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी सांगितलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, मोठे रेणू तिथे झिरपतात आणि रेंगाळतात. पॅक्लिटॅक्सेलला वाहन मिळालं ते अल्ब्युमिनचं, रक्तातल्याच प्रथिनाचं. वॉर्डातल्या दुसऱ्या बाटलीतलं दुधाळ पाणी ते हेच. कण साधारण १३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणून नॅनोकण. २००५ मध्ये स्तनाच्या आणि २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. फुफ्फुसाच्या चाचणीत १०५२ पेशंट होते. गाठ आटण्याचं प्रमाण ३३ टक्के, जुन्या औषधात २५. आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही.

म्हणून नॅनोकणांतल्या औषधाला ‘नेमकं गाठीवर जाणारं’ म्हणताना माझी जीभ अडखळते. २०१६ च्या एका आढाव्यात, प्राण्यांवरच्या प्रयोगांत टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधलं) प्रमाण निघालं ०.७ टक्के.

सांगलीत नॅनोचा विषय निघाला की हळद येतेच. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यातलं कर्क्युमिनही पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात धड शिरत नाही, म्हणून प्रयोगशाळांत त्याचेही नॅनोकण करतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचं मान्य औषध त्यातून झालेलं नाही. केमो चालू असताना घरात ‘नॅनो हळदी’ची डबी आली, तर ती फाईलबरोबर पिशवीत टाकून डॉक्टरांपुढे ठेवावी.