रेमेडियल आणि करेक्टिव्ह: शेत गोडे करणे आणि खांड बुजवणे

उधाणाच्या भरतीत खारबांधाला (खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड, म्हणजे भगदाड, पडली आणि खाडीचे पाणी भातशेतीत शिरले की कोकणातल्या शेतकऱ्यासमोर दोन निरनिराळी कामे उभी राहतात. खांड बुजवून, उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या दाराची) कुजलेली झडप बदलून बांध पूर्ववत करणे हे पहिले. जमिनीत मुरलेले मीठ घालवण्यासाठी पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडायचे, ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे, हे दुसरे. इंग्रजीत पहिल्या कामाला करेक्टिव्ह आणि दुसऱ्याला रेमेडियल हे विशेषण अधिक शोभते. मराठीत मात्र आपण बहुधा दोन्हींवर ‘सुधारणात्मक’ असा एकच शिक्का मारून मोकळे होतो.

रेमेडियलच्या मुळाशी ‘मेडेरी’, म्हणजे बरे करणे, हे लॅटिन क्रियापद आहे. मेडिसिन हा शब्दही त्याच घरातला. त्यामुळे या विशेषणाला कोणीतरी दुखावलेला, दुबळा किंवा मागे पडलेला लागतो. वाचनात मागे राहिलेल्या मुलांच्या वर्गाला शिक्षण खात्याने ‘उपचारात्मक’ म्हटले, ते मुळाला धरूनच आहे, जरी मुलांच्या कानाला ते दवाखान्यासारखे लागत असले तरी. (खुद्द इंग्रजीतला उच्चार ‘रिमीडियल’ असा होतो.)

करेक्टिव्ह ‘कॉरिगेरे’पासून आला. त्यातल्या ‘रेगेरे’चा अर्थ सरळ नेणे, आणि संस्कृतातला ‘ऋजु’ हा त्याचा दूरचा भाऊबंद. येथे रोगी नसला तरी चालते, पण जिच्याशी ताडून पाहायचे ती रेषा लागते. चष्म्याचे भिंग करेक्टिव्ह असते, कारण ते डोळा बरा करत नाही, फक्त प्रकाशकिरण डोळ्यातल्या पडद्यावर नेमके आणते. मासळी प्रक्रिया कारखान्यांत पाळल्या जाणाऱ्या हॅसॅप या अन्नसुरक्षा पद्धतीच्या ७ तत्त्वांपैकी पाचवे ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ आहे: शीतगृहासाठी उणे १८ अंश सेल्सिअस ही मर्यादा ठरली असेल आणि पारा तिच्यावर चढला, तर काय करायचे आणि त्या मालाचे काय करायचे, हे आधीच लिहून ठेवायचे.

सीमारेषा सर्वत्र इतकी स्वच्छ नाही, आणि वाकड्या हाडावरची शस्त्रक्रिया रोग्याला बरे करत असूनही करेक्टिव्हच म्हणवते. व्याकरणात मात्र एक फरक पक्का आहे: करेक्टिव्ह नाम म्हणूनही चालते, तर रेमेडियलला त्या जागी रेमेडी हा मूळ शब्दच बोलवावा लागतो.