पासपोर्टची मुदत बाकी, पानं मात्र संपली: परदेशात राहणाऱ्यांनी अर्ज कुठे आणि कसा करायचा

पासपोर्टवर अजून चार-पाच वर्षांची मुदत आहे, पण शिक्का मारायला जागा नाही, ही अडचण सातारा-सांगलीकडच्या घरांना आता नवी नाही. विट्याचा मुलगा मस्कतला, कराडची मुलगी जर्मनीत, माण-खटावचा कुणीतरी जहाजावर. वर्षातून एकदा यात्रेला किंवा दिवाळीला गावी येणाऱ्याला ३६ पानांची पुस्तिका दहा वर्षं आरामात पुरते. कामासाठी देशोदेशी फिरणाऱ्याला ती पुरत नाही. चिकटवलेला व्हिसा एक अख्खं पान खातो, आणि नाव-पत्त्याच्या किंवा शेऱ्यासाठी राखलेल्या पानावर व्हिसा लावता येत नाही.

जुन्या पुस्तिकेला जादा पानं जोडून मिळत नाहीत. संपूर्ण नवा पासपोर्ट घ्यावा लागतो आणि त्याचा नंबरही नवा असतो. प्रौढांना त्यावर पुन्हा दहा वर्षांची मुदत मिळते, मात्र जुन्यातली उरलेली वर्षं त्यात मिळवली जात नाहीत. ‘पाच वर्षं फुकट जातील’ म्हणून चालढकल करणारे भेटतात. पण ती वर्षं वापरायला पानंच नसतील, तर वाचवून करणार काय?

शेवटचं पान भरेपर्यंत थांबू नका. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) निदान दोन कोरी पानं लागतात, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. तीन-चार पानं उरली की अर्जाचं बघायला लागावं. एक पान रिकामं करण्यासाठी जुना व्हिसा खरवडणं किंवा पान फाडणं हा मूर्खपणा तर आहेच, गुन्हाही आहे. घरच्यांपासून परदेशवारी लपवायला पानं फाडणाऱ्यांवर मुंबई विमानतळावर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेतच.

आता अर्ज कुठे करायचा? माझं मत स्पष्ट आहे: जिथे राहता तिथेच, भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत गावी येऊन हे उरकू, हा बेत धोक्याचा. भारतात अर्ज मंजूर होताना जुना पासपोर्ट रद्द होतो. नवा हातात पडेपर्यंत तुम्हाला देशाबाहेर पाऊल ठेवता येत नाही, मग जुन्यातला व्हिसा कितीही चालू असो. पोलीस पडताळणी रेंगाळली तर परतीचं तिकीट आणि साहेबाची मर्जी, दोन्ही जातात. सुट्टी लांब असेल तर गोष्ट वेगळी.

मुलगा दुबईत आणि वडील तासगावात, तर वडिलांनी इकडून अर्ज भरून चालेल का, हेही बरेच जण विचारतात. चालत नाही. भारतातल्या पासपोर्ट केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो अर्जदाराचेच घेतात, त्यामुळे तो स्वतः हजर लागतो.

परदेशातला अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर, दूतावासांसाठीच्या विभागात ऑनलाइन भरायचा. प्रकार ‘री-इश्यू’ आणि कारण ‘पानं संपली’ असं निवडायचं. पुस्तिका किती पानांची हवी, ते तिथेच विचारतात. एकदा पानं संपलेल्या माणसाने पुन्हा ३६ पानी घेण्यात अर्थ नाही, ६० पानीच घ्या. भरलेला अर्ज छापून सही करायची आणि कागदपत्रांसह जमा करायचा. बऱ्याच देशांत हे काम दूतावासाने नेमलेल्या कंपनीच्या केंद्रात होतं आणि त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन पानांच्या प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, त्या देशात कायदेशीर राहत असल्याचा पुरावा (व्हिसा, रहिवासी कार्ड, सौदीतला रहिवासी परवाना म्हणजे इकामा, जे असेल ते) आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा. देशागणिक यात एखाद-दुसरा कागद वाढतो, म्हणून आपल्या दूतावासाची यादी एकदा वाचाच. फी तिथल्या चलनात, त्यावर सेवा शुल्क वेगळं.

गाडी अडते ती बहुधा गावाकडच्या पत्त्यावर. अर्जात भारतातला पत्ताही भरावा लागतो आणि पडताळणी त्याच पत्त्यावर, त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यातून होऊ शकते. मु. पो., तालुका, पिनकोड आणि पोलीस ठाणं हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. पत्ता विट्याच्या जुन्या घराचा आणि आई-वडील राहायला सांगलीत, असं असेल तर चौकशीला आलेल्या हवालदाराला कुलूप दिसतं. घरच्यांना आधी फोन करून सांगून ठेवा. आधार, वीजबिल आणि तुमच्या जुन्या पासपोर्टची प्रत हाताशी असू द्या.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, ती म्हणजे भाऊबंदकी. बांधावरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून हाणामारी झाली, तक्रारीत सगळ्या भावांची नावं घातली आणि परदेशातल्या भावाला आपल्यावर खटला चालू आहे याचा पत्ताच नाही, असं आपल्याकडे घडतं. जमिनीचा दिवाणी दावा पासपोर्टच्या आड येत नाही. फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर मात्र पासपोर्ट नाकारता येतो. त्यावर वाट आहे: १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी आणायची. न्यायालयाने जितक्या काळासाठी म्हटलं असेल तितक्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, आणि काळ सांगितला नसेल तर साधारण एक वर्षाचा. अर्जात खटल्याबद्दल सरळ प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहून माहिती दडवली तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली तो वेगळाच गुन्हा होतो. शंका असेल तर अर्ज करण्याआधी गावाकडच्या वकिलाकडून खात्री करून घ्या.

नावातली दुरुस्ती, लग्नानंतरचं आडनाव, जोडीदाराचं नाव घालणं, हेही याच अर्जात करता येतं, पण प्रत्येक बदलाला त्याचे कागद लागतात. नड फक्त पानांची असेल आणि घाई असेल, तर बाकी काही हलवू नका.

तरीही सुट्टीत इथेच करायचं ठरवलं, तर सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. जून २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज देता येतो, तेव्हा जवळ तारीख मिळत नसेल तर मुंबईत उतरल्या उतरल्याही काम करता येईल. पडताळणी मात्र अर्जातल्या पत्त्यावरच होते. प्रौढांसाठी ३६ पानीची फी १,५०० रुपये, ६० पानीची २,००० आणि तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. भेटीची वेळ विमानाचं तिकीट काढतानाच बघून ठेवा. नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावर येतो.

नवा पासपोर्ट मिळाला तरी जुना टाकून द्यायचा नाही. रद्दचा शिक्का मारून तो परत देतात आणि त्यातला चालू व्हिसा बहुतेक देश मानतात. अमेरिकेचा व्हिसा जुन्यात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घेऊन प्रवास करायचा. जिथे व्हिसा कागदावर नसून संगणकात पासपोर्टच्या नंबरला जोडलेला असतो, तिथे नवा नंबर कळवावाच लागतो. ब्रिटनचा ई-व्हिसा आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असे आहेत. सौदीत इकाम्याला नवा पासपोर्ट जोडण्याच्या कामाला आपली मुलं ‘नकल मालुमात’ म्हणतात. ते अबशेरवर (सौदी सरकारच्या ऑनलाइन सेवेवर) किंवा कंपनीकडून होतं. अमिरातीत एप्रिल २०२२ पासून रहिवासाचा शिक्का पासपोर्टात मारत नाहीत, तरी तिथल्या नोंदीत नंबर बदलून घ्यावाच लागतो. हे सगळं विमानाचं तिकीट काढण्याआधी करा, आणि एखाद्या व्हिसाचा अर्ज अर्ध्यावर असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत पासपोर्ट बदलायला घेऊ नका.