भाजल्यावरची पहिली वीस मिनिटं

कँटीनच्या कढईतलं तेल हातावर उडालं की कुणीतरी हमखास टूथपेस्ट शोधायला धावतो. नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या एमआयडीसीत औषधं, रसायनं, फरसाण असं काय काय तयार होतं. भाजल्यावरचा इलाज मात्र शेडोशेडी तोच. पेस्ट नसली तर हळद. पेस्टने गार वाटतं हे खरं, पण ती करामत मेन्थॉलची. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना तो चेतवतो, त्वचेचं तापमान तो उतरवत नाही. वर जखमेवर थर बसतो, तो डॉक्टरांना धुऊन काढावा लागतो. तेव्हा रुग्ण पहिल्यापेक्षा जोरात ओरडतो.

तेल पुसलं तरी भाजणं संपत नाही. त्वचेत शिरलेली उष्णता खालच्या थरांकडे सरकत राहते. साधारण ४४ अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान टिकून राहिलं तर पेशींना इजा होऊ लागते. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकतं. तळणाचं तेल तर १७०-१८० अंशांवर असतं.

१९५३ साली डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले. केंद्रातला भाग मेलेला, तो परत येत नाही. सगळ्यात बाहेरचा नुसता लालसर, तो आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पेशी जिवंत असतात, पण रक्तपुरवठा मंदावलेला असतो. पुढच्या तासांत त्या तगतील किंवा मरतील. प्रथमोपचाराची सगळी मदार या पट्ट्यावर आहे आणि त्याला वाचवण्याचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे नळ. वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत याचा फायदा होतो. बर्फ मात्र नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि मधल्या पट्ट्याचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज चढण्याआधी काढायच्या. फोड फोडायचे नाहीत. नंतर जखमेवर स्वच्छ क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ, पारदर्शक प्लास्टिक) सैलसर ठेवायची. ती चिकटत नाही आणि डॉक्टरांना आतलं दिसतं. भाजलेली जागा मोठी असेल तर बाकीचं अंग पांघरुणाने गरम ठेवायचं.

रसायनाची गोष्ट जास्त फसवी. ॲसिडने अंग लगेच पेटतं, म्हणून माणूस धावतो. कॉस्टिक सोड्याच्या बाबतीत सुरुवातीला नुसतं बुळबुळीत लागतं, कारण त्वचेतल्या चरबीचा अक्षरशः साबण होत असतो. बहुतेक ॲसिडं प्रथिनं गोठवून वर खपलीसारखा थर धरतात, तो पुढची वाट थोडी अडवतो. अल्कली, म्हणजे कॉस्टिकसारखा क्षार, ऊती विरघळवत आत उतरत जाते. म्हणून ‘फार दुखत नाही, शिफ्ट संपल्यावर बघू’ हे कॉस्टिकबाबत सगळ्यात घातक वाक्य. पोत्यातले सुके फ्लेक्स सांडले असतील तर आधी हातमोजे घालून झटकायचे, मग भरपूर पाणी. रसायन लागलेले कपडे पाणी चालू असतानाच उतरवायचे, संकोच बाजूला ठेवून. ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असली शाळेतली रसायनशास्त्रं तिथे नकोत, त्या अभिक्रियेतून आणखी उष्णता निघते.

आता अंगावरचं रसायन धुवायला कारखान्यात बसवलेल्या त्या हिरव्या-पिवळ्या आपत्कालीन शॉवरबद्दल. अमेरिकी मानकानुसार त्यातून मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी सलग १५ मिनिटं यायला हवं. म्हणजे अकराशे लिटरच्या वर. गच्चीवर पाचशे लिटरची टाकी असेल आणि त्या दिवशी पाण्याचं शटडाउन असेल तर शॉवर शोभेचा. पाणी १६ ते ३८ अंशांचं असावं असंही ते मानक सांगतं. मे महिन्यात पत्र्यावरून गेलेल्या पाइपात दुपारी दोनला काय असतं, ते मेंटेनन्सवाल्यांना विचारा. पाइप सावलीतून नेणं किंवा त्याला इन्सुलेशन गुंडाळणं हे काही मोठ्या खर्चाचं काम नाही.

पेटीचंही सांगायला हवं. १९४८च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली आणि ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज तिच्यात काहीही ठेवू नये असंही स्पष्ट लिहिलं. चलनं, किल्ल्या आणि कुणाची तरी तंबाखूची पुडी त्या ‘ठरवून दिलेल्या’त बसत नाही. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरणाऱ्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल मात्र हाताशी ठेवावंच. हे ॲसिड खपली धरत नाही, आत उतरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं आणि कधी कधी कित्येक तासांनी दुखायला लागतं.

एक जण पाणी धरून असताना दुसऱ्याने १०८ लावायचा. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, म्हणजे या औद्योगिक पट्ट्यासाठी उपचार फार लांब नाहीत. निघताना तिसऱ्याने ड्रमवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून रुग्णासोबत पाठवायचा. ‘कसलंतरी ॲसिड होतं’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.