जनसुनावणी आणि ग्रामसभा: प्रश्न कुठे विचारायचा, ‘नाही’ कुठे म्हणायचं

मंडपातून बाहेर पडताना दर वेळी कुणीतरी भेटतंच. घसा बसलेला, चेहरा फुललेला. “ताई, शंभरातल्या नव्वदांनी विरोध केला. आता प्रकल्प गेला म्हणून समजा.” दुसऱ्या दिवशी पेपर उघडावा, तर त्याच सभेची बातमी असते: ‘जनसुनावणीत प्रकल्पाला हिरवा कंदील’. दोन्ही चूक. जनसुनावणीत, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी भरणाऱ्या सभेत, प्रकल्प रद्द होत नाही आणि मंजूरही होत नाही. तसा अधिकार तिथे कुणालाच नसतो. समोर बसलेल्या लोकांना नाही, व्यासपीठावरच्या अपर जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. तरी गेली दहा-बारा वर्षं मी हेच ऐकते आहे, कारण जनसुनावणी आणि ग्रामसभा आपण एकाच पोत्यात भरून ठेवल्या आहेत.

ग्रामसभा तुम्हाला माहीत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. चावडीत किंवा शाळेच्या पटांगणात लोक जमतात, वाद होतात, हात वर होतात, ठराव लिहिला जातो. हात मोजायचे आणि जास्त हात ज्या बाजूला ती गावाची इच्छा. हे अंगवळणी पडलेलं असतं आणि तेच घेऊन लोक जनसुनावणीला जातात. ट्रॅक्टर भरभरून माणसं आणतात. कंपनीच्या बाजूचेही आणतात. दोन्हीकडून घोषणा. पण हात मोजायला तिथे कुणी बसलेलंच नसतं.

वरवरचे फरक आधी उरकते. ग्रामसभा सरपंच बोलावतो, जनसुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. तिची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. ग्रामसभेला कोरम लागतो. जनसुनावणीला लागत नाही, चार टाळकी असली तरी ती सुरू होते. सगळ्याचं चित्रीकरण होतं. जागा प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा अगदी जवळ असावी असा नियम आहे, पण २०२२ मध्ये सूरजागडच्या लोहखनिज खाणीच्या विस्ताराची सुनावणी शंभराहून अधिक किलोमीटर दूर गडचिरोलीत झाली. खाण ज्या एटापल्ली तालुक्यात आहे तिथल्या आतल्या पाड्यावरच्या माणसाने तिथवर कसं पोचायचं?

आता मुख्य गोष्ट. जनसुनावणी जन्मली ती १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालच्या अधिसूचनेतून. १९९७ मध्ये ती सक्तीची झाली आणि आजची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ठरवली. त्या अधिसूचनेत तिचा हेतू स्पष्ट आहे: प्रकल्पाची झळ ज्यांना बसेल त्यांच्या चिंता समजून घेणं. संमती हा शब्द तिथे नाही. कंपनीने ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाच्या, अहवालाचा मसुदा केलेला असतो. तुमची हवा, पाणी, शेती, मासे, झाडं यांचं काय होईल याचा अंदाज त्यात असतो. जनसुनावणी म्हणजे त्या मसुद्याची गावाने घेतलेली उलटतपासणी. जे प्रश्न निघतील त्यांना कंपनीने उत्तर द्यायचं, अहवाल आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखडा सुधारायचा आणि मग तो तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जायचा. समिती शिफारस करते, मंजुरी देतं सरकार. मंजुरी देताना अटी घालतं.

म्हणजे या सगळ्या यंत्रात माणसांची संख्या कुठेच शिरत नाही, प्रश्न शिरतो. हे एकदा नीट डोक्यात बसलं, की सभेत कसं बोलायचं ते आपोआप बदलतं.

रायगडातल्या एका खाडीकाठच्या सुनावणीत मी हे समोर पाहिलं. रासायनिक कारखान्याचा प्रकल्प होता. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत बत्तीस जण बोलले. त्यातल्या सव्वीस जणांचं भाषण मला आजही पाठ आहे, कारण ते एकच होतं: “आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे.” टाळ्या, घोषणा, पुढचा. मंडळाचा माणूस लिहीत होता: ‘अमुक यांनी विरोध दर्शवला.’ मग एक कोळीण उभी राहिली. हातात माइक कसा धरायचा तेही तिला शेजारच्या मुलीने दाखवलं. ती म्हणाली, “तुमचा पाइप खाडीत जिथं सोडताय तिथं उधाणाला पानी जोरात वाहतं, ते आमाला बी म्हाईत हाय. पन भांगाला पानी हलत न्हाई. सप्तमी-अष्टमीला आठवडाभर तुमचं पानी तिथंच बसनार. तिथंच आमी निवटे धरतो, कालवं काढतो. तुमच्या पुस्तकात भांगाचं काय लिवलंय?”

मंडप शांत झाला. कंपनीच्या सल्लागाराने पानं उलटली. सांडपाणी कसं पसरेल याचं गणित त्यांनी उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, प्रवाहावर मांडलं होतं. भांगाचं, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीचं, नव्हतंच. त्या दिवशीच्या बत्तीस भाषणांपैकी अंतिम अहवालात बदल घडवून आणला तो या एका प्रश्नाने. भांगाच्या दिवसांचा वेगळा अभ्यास झाला, सांडपाणी सोडण्याची जागा खाडीच्या मुखाकडे सरकली. कारखाना आला. पण निवट्यांची ती दलदल अजून आहे, हे मी स्वतः जाऊन पाहिलं आहे.

‘तीव्र विरोध’ या शब्दांवर माझा राग आहे तो यासाठी. विरोध खोटा असतो असं नाही. पण विरोधाला उत्तर देता येत नाही, त्यामुळे कंपनीलाही ते द्यावं लागत नाही. इतिवृत्ताला जोडलेल्या तक्त्यात एका बाजूला लोकांचा मुद्दा आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचं म्हणणं असतं. ‘विरोध आहे’ याच्यासमोर ‘नोंद घेतली’ एवढं लिहून ते सुटतात. ‘भांगाला पाणी कुठे जाणार’ याच्यासमोर ‘नोंद घेतली’ लिहिता येत नाही, निदान तज्ज्ञ समिती जागी असेल तर. आणि ती जागी असायलाच हवी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये उत्कर्ष मंडळाच्या खटल्यात सांगितलं आहे. गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या खाणीचं ते प्रकरण होतं. जनसुनावणीतल्या आक्षेपांचा समितीने विचार केला पाहिजे आणि ते का स्वीकारले किंवा नाकारले याची कारणं नोंदवली पाहिजेत, असा त्या निकालाचा अर्थ. आक्षेपच धड नसेल तर कारण तरी कशाचं नोंदवणार?

नुसत्या संख्येचं काय होतं ते महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० ला माडबनमध्ये झाली, विरोध केवढा होता ते सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी आली, ३५ अटींसह. वाढवण बंदराची सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये झाली, किनाऱ्यावरचे मच्छीमार जीव तोडून बोलले. मंजुरी फेब्रुवारीतच आली. या दोन्ही निर्णयांबद्दल माझं मत आहे आणि ते सरकारच्या बाजूचं नाही. पण “एवढा विरोध असून मंजुरी दिलीच कशी, हे बेकायदा आहे” असं जे म्हटलं जातं ते चुकीचं आहे. नुसत्या विरोधाने ती बेकायदा ठरत नाही. आक्षेप दाबले असतील, अहवाल मराठीत मिळाला नसेल, सूचना उशिरा लागली असेल, तर ती बेकायदा ठरू शकते, आणि तेच मुद्दे घेऊन ३० दिवसांच्या आत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे अपील करता येतं. आपल्याकडे ते ३० दिवस मोर्च्याच्या तयारीत जातात.

नोकरीच्या बाबतीतही हेच. दर सुनावणीत स्थानिकांना रोजगार हवा म्हणून दहा जण बोलतात, आणि ती मागणी योग्यच आहे. डोंगर-खाडीची काळजी करणाऱ्यांनी तिला नाक मुरडणं मला अजिबात पटत नाही. पोरं मुंबईला निघून गेलेल्या गावात कारखान्याची आशा वाटणं साहजिक आहे. पण उत्तर येतं, ‘पात्रतेनुसार प्राधान्य दिले जाईल.’ त्याला काही अर्थ नाही. किती जागा, कोणत्या कामाच्या, किती पगाराच्या, कोणत्या वर्षी, त्यासाठी आयटीआयचा कोणता ट्रेड कुठे सुरू करणार, हे विचारा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३० सप्टेंबर २०२० च्या ज्ञापनानुसार सुनावणीतल्या चिंतांवर कंपनीने दिलेली आश्वासनं व्यवस्थापन आराखड्यात मोजता येतील अशा स्वरूपात लिहून घ्यायची असतात. ‘प्राधान्य’ मोजता येत नाही. ‘चाळीस वेल्डर’ मोजता येतात.

सुनावणी उधळून लावायची हा तिसरा प्रकार. त्यामागची चीड मला कळते. पण अधिसूचनेतच तरतूद आहे: स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असा अहवाल गेला तर सुनावणी वगळूनच पुढे जाता येतं. म्हणजे खुर्च्या फेकल्या की त्या कोळिणीचा प्रश्न कागदावर यायची वाटच बंद होण्याचा धोका.

मग ‘नाही’ म्हणायचं कुठे? म्हणता येतं, पण सगळीकडे नाही, आणि ती जागा ग्रामसभेची आहे. २००६ च्याच वर्षी संसदेने वनहक्क कायदा केला. दोन्ही कागद एका वर्षाचे असल्यामुळेही घोळ वाढला असावा. या कायद्याने जंगलावर जगणाऱ्या गावांचे हक्क मान्य केले आणि ते जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. पुढे पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये सांगितलं की वनजमीन प्रकल्पाला द्यायची तर ग्रामसभेची संमती जोडा. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने तो ग्रामसभांकडे पाठवला. डोंगरिया कोंध आदिवासींच्या पट्ट्यातल्या १२ ग्रामसभा जुलै-ऑगस्टमध्ये बसल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने खाण नाकारली. इथे हात मोजले गेले, आणि त्यांना वजन होतं.

वजन असल्यामुळेच इथे कोरम कडक आहे. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. जनसुनावणीत गर्दी जमवण्याची जी ताकद आपण वाया घालवतो ती इथे लावायची असते. मात्र ही संमती वनजमिनीपुरती. किनाऱ्यावरच्या, अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्राबाहेरच्या गावाने साध्या ग्रामसभेत रिफायनरीविरुद्ध ठराव केला, तर त्याचा राजकीय दबाव येतो आणि तो मोठा असू शकतो, पण पर्यावरण मंजुरी त्याने अडत नाही. रस्ते, कालवे, वीजवाहिन्या यांना २०१३ मध्येच वनहक्काच्या ग्रामसभेच्या संमतीतून बहुतांशी सूट मिळाली. २०२२ च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांवर टाकलं. संमती ही अशी कडेकडेने झिजवली जाते आहे, आणि ज्यांना विकास हवा त्यांनीही याची काळजी करावी असं मला वाटतं. सरकारने निर्णय घ्यावेत, त्यासाठीच ते आहे. पण ऐकण्याची आणि विचारण्याची ही दोन दारं अरुंद केली की भांडण मंजुरीनंतर, अर्धं काँक्रीट ओतल्यावर होतं, आणि तेव्हा नदीचंही नुकसान झालेलं असतं, पैशाचंही.

त्या खाडीकाठच्या सुनावणीचं शेवटचं सांगायचं राहिलं. सुनावणी संपताना इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्यावर त्याच दिवशी सही होते. तोवर मंडप निम्मा रिकामा झाला होता, नेतेमंडळी गाड्यांत बसली होती. ती कोळीण पहिल्या रांगेत बसून होती. वाचणाऱ्याने वाचलं, “ओहोटीच्या वेळी सांडपाणी साचण्याबाबत विचारणा केली.” ती उठली. “ओहोटी न्हवं. भांग. ओहोटी रोज येते.” त्याने अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने खोडलं, वर ‘भांग’ लिहिलं, आणि मगच सही झाली.